ट्रम्प यांचा दंड शून्य झाला, मग फसवणूकही शून्य झाली का?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. हा राजकारणाचा धागा नाही, तेव्हा लाल-निळी भांडणं कृपया दुसरीकडे. मला एक सरळ प्रश्न पडलाय आणि तो माझ्या नोकरीशी जोडलेला आहे.

मी न्यू जर्सीत एका छोट्या घाऊक मालाच्या कंपनीत हिशेब बघते. कागदावर पद 'कंट्रोलर', पण इन्व्हॉइस काढण्यापासून बँकेशी बोलण्यापर्यंत सगळं मीच. अकरा वर्षं झाली. मालक माणूस वाईट नाही. कोविडमध्ये एकाचाही पगार कापला नाही, माझी आई गेली तेव्हा महिनाभर भारतात राहू दिलं. हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद 'नोकरी सोडा' असा येईल.

आमची बँकेकडे लाइन ऑफ क्रेडिट आहे, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज. दर महिन्याला बॉरोइंग बेस सर्टिफिकेट पाठवावं लागतं: गिऱ्हाइकांकडून किती येणं आहे, त्यातलं नव्वद दिवसांच्या आतलं किती. आतल्या रकमेच्या ८० टक्के बँक उचलू देते. नव्वद दिवसांवरचं येणं तिच्या लेखी नसल्यात जमा. एका गिऱ्हाइकाकडे आमचे १ लाख ८० हजार डॉलर अडकलेत. सात महिने झाले. दुकानाला कुलूप आहे आणि फोन बंद.

परवा मालक माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "त्या तीन इन्व्हॉइस रद्द कर आणि याच महिन्याच्या तारखेने नव्या काढ." मी म्हटलं, हे बँकेला चालणार नाही. त्यावर हसले. "ट्रम्पला पन्नास कोटींचा दंड ठोकला होता, त्याचं काय झालं? शून्य. आपण व्याज वेळेवर भरतो. कुणाचं नुकसान होतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले आणि आणखी गोंधळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीश एन्गोरॉन यांनी ट्रम्प आणि त्यांच्या कंपन्यांना ३५ कोटी ४९ लाख डॉलर भरायला सांगितले, व्याज धरून तो आकडा ४५ कोटींच्या वर गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने ती सगळी रक्कम रद्द केली. पण मग 'फसवणूक झाली हा निष्कर्ष कायम' असंही लिहिलंय. हे कसं काय? चोरी झाली पण चोराला काही भरायचं नाही? शिवाय ३४ गुन्ह्यांचा वेगळा खटला होता, त्यात दोषी ठरूनही शिक्षा काहीच नाही. मग मालक म्हणतात ते खरंच आहे का?

कुणी बँकेत किंवा कोर्टकचेरीत काम केलेलं असेल तर समजावून सांगा. बातम्या वाचून झाल्यात, त्यामुळे लिंक नकोत.

उंटावरचा शहाणा

ताई, मालकांना सांगा की ट्रम्पसारखं सुटायला आधी ट्रम्पसारखे वकील लागतात. तुमच्या वकिलाची फी १ लाख ८० हजारांच्या वरच जाईल.

बाकी जाणकार येतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कर्जखाते

जमाखर्च ताई, मी एकतीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये व्यापारी कर्जं दिली आणि वसूल केली. निवृत्त होऊन चार वर्षं झालीत. वकील नाही, हे आधीच सांगतो. पण तुमचं ते बॉरोइंग बेस सर्टिफिकेट मी झोपेतही वाचू शकतो.

पहिली गाठ सोडवू. तुम्ही म्हणताय तो पन्नास कोटींचा 'दंड' तांत्रिक अर्थाने दंड नव्हताच, आणि तो खटला फौजदारीही नव्हता. न्यूयॉर्क राज्यात एक्झिक्युटिव्ह लॉचं कलम ६३(१२) आहे, १९५० च्या दशकातलं. कुणी धंद्यात वारंवार लबाडी करत असेल तर राज्याचा अॅटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचा मुख्य वकील, दिवाणी दावा लावू शकतो. यात तुरुंग नाही आणि ज्युरीही नव्हती. गंमत म्हणजे या कलमाखाली कुणी फसला हे दाखवावं लागत नाही, कुणाचे पैसे बुडाले हेही नाही. म्हणूनच 'बँकेचे पैसे परत मिळाले' हा बचाव तिथे चालला नाही.

न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये दावा लावला. मुद्दा एकच होता. दरवर्षी ट्रम्प यांच्या मालमत्तेचं एक पत्रक निघायचं आणि बँका, विमा कंपन्या यांना जायचं. त्यातले आकडे फुगवलेले होते. आता आकडे थोडेफार सगळेच फुगवतात. माझ्या टेबलावर आलेलं एकही वैयक्तिक मालमत्तेचं पत्रक मी जसंच्या तसं मानलं नाही, सरळ कात्री लावायचो. डॉइश बँकेनेही लावली होती. पण मत फुगवणं वेगळं आणि मोजमाप फुगवणं वेगळं. ट्रम्प टॉवरमधला त्यांचा स्वतःचा तीन मजली फ्लॅट १०,९९६ चौरस फुटांचा. पत्रकात वर्षानुवर्षं ३०,००० चौरस फूट. त्या हिशेबाने किंमत एका वर्षी ३२ कोटी ७० लाख डॉलर धरली होती. बाजारभावावर दोघांचं दुमत होऊ शकतं, पण टेपने मोजलेल्या फुटांवर कसं होणार? स्वतः आयुष्यभर इमारती बांधणाऱ्या माणसाला आपण राहतो ते घर तिप्पट मोठं वाटलं, हे न्यायाधीशांना पटलं नाही.

४० वॉल स्ट्रीटची इमारत घ्या. मूल्यांकन करणाऱ्याने बँकेसाठी २०१० साली २० कोटी लावले. २०११ च्या पत्रकात तीच इमारत ५२ कोटी ४७ लाखांची. पार्क अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत भाडेनियंत्रणातली बारा घरं होती. म्हणजे भाडेकरू हलणार नाही, भाडं वाढणार नाही. मूल्यांकनात बाराही मिळून साडेसात लाख डॉलर. पत्रकात मात्र पाच कोटींच्या जवळपास, जणू सगळी रिकामीच पडलीत. ताई, हे तुमच्याच येण्यासारखं झालं: न मिळणारा पैसा मिळणाऱ्या रकान्यात.

मग ३५ कोटी ४९ लाख कुठून आले? न्यायाधीशांनी 'लबाडी केली म्हणून एवढे भर' असं केलं नाही. गिळलेलं ओकायला लावणं, असा तो प्रकार असतो. खऱ्या आकड्यांवर जे व्याज लागलं असतं आणि प्रत्यक्षात जे लागलं, त्यातला फरक सुमारे १६ कोटी ८० लाख. वॉशिंग्टनमधलं जुन्या पोस्ट ऑफिसचं हॉटेल विकून झालेला नफा सुमारे १२ कोटी ६८ लाख. ब्रॉंक्समधल्या फेरी पॉइंट गोल्फ कोर्सचा परवाना विकून आलेले ६ कोटी. बेरीज करून बघा. त्यावर वर्षाला ९ टक्के सरळ व्याज. ते मिळवून रक्कम ४५ कोटींच्या वर गेली, आणि निकालानंतर त्या सगळ्या रकमेवर दिवसाला साधारण १ लाख १२ हजार डॉलर. तुमचं अडकलेलं सगळं येणं दीड दिवसाचं व्याज झालं.

आता वरचं कोर्ट. अपील करताना वसुली थांबवायची तर पूर्ण रकमेचा बॉंड, म्हणजे हमी, द्यावा लागतो, तो मार्च २०२४ मध्ये १७ कोटी ५० लाखांवर आणला गेला. निकाल आला २१ ऑगस्ट २०२५ ला. तीनशेहून जास्त पानं, पाच न्यायाधीश आणि त्यांचे तीन रस्ते. दोघं म्हणाले, फसवणूक सिद्ध आहे, पण बँकांचे पैसे परत आलेले असताना राज्याच्या तिजोरीत अर्धा अब्ज डॉलर जावेत एवढा अनर्थ झालेला नाही. नाव काहीही असलं तरी एवढी रक्कम दंडच ठरते, आणि घटनेच्या आठव्या दुरुस्तीत अवाजवी दंडाला मनाई आहे, म्हणून रक्कम रद्द. आणखी दोघांना खटला नव्याने चालवायला हवा होता, पण पुढच्या कोर्टाचा रस्ता मोकळा व्हावा म्हणून त्यांनी निकालाला हात दिला. पाचवे म्हणाले, दावाच फेटाळा. या खिचडीतून जे उरलं ते असं: पैसे रद्द, फसवणुकीचा निष्कर्ष आणि धंद्यावरची बंधनं कायम. दोन्ही बाजू ऑल्बनीच्या सर्वोच्च राज्य न्यायालयात गेल्या. तेव्हा 'शून्य' हा शब्द तुमच्या मालकांनी जरा घाईने वापरलाय.

लांबलं. चहा टाकून येतो.

तळ्यात मळ्यात

कर्जखाते काका, माहितीबद्दल आभार, पण एक बाजूच मोठी झाली. मी ट्रम्पभक्त नाही, तरी काही गोष्टी खटकतात.

पहिली, मार-अ-लागो, ट्रम्प यांचा फ्लोरिडातला क्लब. पाम बीच काउंटीने करासाठी त्याची किंमत १ कोटी ८० लाख ते २ कोटी ७६ लाख धरली आणि न्यायाधीशांनी तो आकडा पत्रकाशेजारी ठेवला. समुद्राकाठची सतरा एकर जागा त्या भावात मिळत असेल तर मीही वर्गणी काढायला तयार आहे. दुसरी, साक्षीला आलेले बँकेचे लोक तक्रार करत नव्हते, त्यांना हे गिऱ्हाईक हवंच होतं. तिसरी, जेम्स यांनी २०१८ ची निवडणूकच 'मी ट्रम्पच्या मागे लागेन' म्हणत लढवली. आणि मग पुढे काय झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्यावरच घरकर्जात बँकेला खोटं सांगितल्याचा आरोप ठेवला गेला. करावे तसे भरावे.

जमाखर्च ताई, याचा अर्थ तारखा बदला असा नाही हं. फक्त हा खटला गुरुमंत्र म्हणून घेऊ नका.

कर्जखाते

तळ्यात मळ्यात, मार-अ-लागोबद्दल निम्मं मान्य. करासाठीची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे, हे कुठलाही कर्ज अधिकारी सांगेल. मी असतो तर तो आकडा मध्ये आणलाच नसता. पण पत्रकातला ६१ कोटी २० लाखांचा आकडा 'खासगी घर म्हणून विकलं तर' या हिशेबाचा होता, आणि ती जागा क्लबखेरीज दुसऱ्या कशाला वापरण्याचा हक्क मालकाने स्वतः २००२ च्या दस्तात सोडलेला होता. माझ्याकडे असं प्रकरण आलं असतं तर मी पहिल्यांदा दस्तच मागवला असता.

बँक खूश होती, हेही खरं. बँक व्याज येईपर्यंत खूशच असते. पण ते व्याज जोखमीच्या हिशेबाने ठरतं. मालकाची वैयक्तिक हमी होती म्हणून दर कमी मिळाला, आणि हमीची किंमत ठरली त्या पत्रकावरून. अडीच अब्ज डॉलरची निव्वळ मालमत्ता राखेन, अशी अटच त्या कर्जांत होती. पत्रक खोटं, तर जोखीम खोटी, तर दर खोटा. पैसे परत आले म्हणजे जोखीम नव्हतीच असं नाही. विनापरवाना गाडी चालवून घरी सुखरूप पोचल्यासारखं आहे ते.

जेम्स यांच्याबद्दल माझ्यापेक्षा फाईलवाली सांगतील, त्या याच क्षेत्रात आहेत.

आता ताई, तुमचं. एक जुना प्रसंग सांगतो, नावं काढून. आमच्याकडे वर्षातून एकदा फील्ड एग्झामिनर पाठवायचे. तो कंपनीच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसतो, एजिंग रिपोर्टमधून (कुठलं येणं किती दिवसांचं, ती यादी) पंधरा-वीस इन्व्हॉइस बोटाने निवडतो आणि म्हणतो, याच्या मालपोचीच्या पावत्या आणा. एका गिऱ्हाइकाकडे इन्व्हॉइस जुलैची होती. खाली जोडलेल्या पावतीवर ट्रक ड्रायव्हरने पेनाने खरडलेलं होतं: 'बर्फामुळे उशीर.' एग्झामिनरने ती पावती मला फोनवर वाचून दाखवली तेव्हा आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी हसू गेलं. लाइन बंद, कर्ज वसुलीला, चार महिन्यांत गोदामातल्या फोर्कलिफ्टचा लिलाव.

आणि तपासवाल्यांनी सगळ्यांत आधी कुणाला बोलावलं? ज्याच्या लॉगिनने तारीख बदलली होती त्याला. मालकाचं म्हणणं होतं, "मी फक्त सही करतो, आकडे हिशेबवाले देतात."

फाईलवाली

मी मॅनहॅटनमध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे. हा कायदेशीर सल्ला नाही, पण फाइली उचलून उचलून काही गोष्टी डोक्यात बसल्यात.

आधी जेम्स यांचं, कारण अर्धवट राहिलं. आरोप व्हर्जिनियातल्या एका घराच्या कर्जावरून होता, त्यांनी तो नाकारला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो खटला काढून टाकला, कारण आरोप ठेवणाऱ्या सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा ठरली. म्हणजे खरं-खोटं कुणी तपासलंच नाही. पण ताईंनी त्यातली कलमं बघावीत: बँकेची फसवणूक, कलम १३४४, आणि बँकेला खोटं निवेदन, कलम १०१४. हे केंद्रीय कायदे आहेत. न्यू जर्सी असो की अलास्का, सगळीकडे लागतात. दोन्हींत कमाल ३० वर्षं कैद आणि १० लाख डॉलर दंड. प्रत्यक्षात एवढी शिक्षा क्वचितच होते, पण वरची मर्यादा तीच आहे. ट्रम्प यांच्यावर जे लावलं ते न्यूयॉर्कचं दिवाणी कलम. तुमच्या मालकांना जे लागेल ते फौजदारी असू शकतं. त्यांनी चुकीच्या खटल्याशी तुलना केलीय.

१०१४ चं एक ताजं प्रकरण राजकारण्याचंच आहे. पॅट्रिक डेली थॉम्पसन, शिकागोचे नगरसेवक. आजोबा आणि मामा दोघेही शिकागोचे महापौर. त्यांनी एका बँकेकडून तीन वेळा मिळून २ लाख १९ हजार डॉलर उचलले आणि बँक बुडाल्यावर वसुलीवाल्यांना सांगितलं की मी १ लाख १० हजार घेतले. घेतले होतेच, पहिल्या वेळी! पुढचे दोन सांगितले नाहीत. करांचे वेगळे आरोपही होते, सगळं मिळून चार महिने तुरुंगात गेले. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की १०१४ फक्त खोट्या विधानाला लागतं, दिशाभूल करणाऱ्या पण खऱ्या विधानाला नाही, आणि प्रकरण खाली परत पाठवलं. म्हणजे शब्दांत फट असेल तर वकील ती शोधतो. सात महिन्यांपूर्वी गेलेल्या मालावर या महिन्याची तारीख घातली तर फट कुठे आहे?

आता ३४ गुन्ह्यांचा खटला. लोकांना तो आकडा फार मोठा वाटतो. त्याची फोड बघा, तुम्हाला ती रोजच्या कामासारखी वाटेल. अकरा इन्व्हॉइस, लेजरमधल्या बारा नोंदी, अकरा चेक. झाले चौतीस. ट्रम्प यांचे वकील मायकल कोहेन यांनी एका अभिनेत्रीने तोंड बंद ठेवावं म्हणून तिला पदरचे दिलेले १ लाख ३० हजार परत करायचे होते. त्यात आणखी ५० हजारांचं एक जुनं देणं मिळवलं, कर कापला जाईल म्हणून रक्कम दुप्पट केली, वर ६० हजार बोनस. ४ लाख २० हजार, महिन्याला ३५ हजार. हे गणित कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी वायसलबर्ग यांनी कोहेन यांच्या बँक स्टेटमेंटवरच हाताने मांडलं होतं, आणि तो कागद ज्युरीसमोर आला. नोंद मात्र 'वकिलाची फी'. ३० मे २०२४ ला ज्युरीने चौतीसही आरोपांत दोषी ठरवलं. प्रत्येकी कमाल चार वर्षं होऊ शकत होती. १० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्या दहा दिवस आधी, न्यायाधीश मर्शान यांनी बिनशर्त मोकळं सोडलं, कारण होऊ घातलेल्या राष्ट्राध्यक्षाला दुसरी कुठली शिक्षा देता येईल असं त्यांना वाटलं नाही. दोषसिद्धी नोंदली गेली आणि त्यावर अपील आहे. हे कारण तुमच्या मालकांना लागू होईल का, ते त्यांनाच विचारा.

पण ताई, मला तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. या सगळ्या प्रकरणांत तुरुंगात कोण गेलं? कोहेन गेले. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्यांच्या कबुलीतला एक गुन्हा होता बँकेला खोटी माहिती देऊन घरावर कर्ज उचलणं. त्याच कर्जातून त्यांनी ते १ लाख ३० हजार दिले होते. वायसलबर्ग दोनदा गेले. कंपनीकडून फ्लॅट, मर्सिडीज, नातवंडांच्या शाळेची फी असे १७ लाखांचे फायदे कर चुकवून घेतले म्हणून पहिल्यांदा पाच महिने. कंपनीलाही त्या खटल्यात जानेवारी २०२३ मध्ये १६ लाख दंड झाला, कायद्यात बसणारा जास्तीत जास्त. मग २०२४ मध्ये पुन्हा पाच महिने, शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. कशाबद्दल खोटं? काकांनी वर सांगितलेल्या त्याच तीन मजली फ्लॅटबद्दल. फ्लॅट मालकाचा, आणि न्यूयॉर्कच्या रायकर्स तुरुंगात सत्तरी ओलांडलेला हिशेबनीस.

आणि तुमच्याच पदावरचे एक गृहस्थ होते त्या कंपनीत. जेफ्री मॅककॉनी, कंट्रोलर. सगळे आकडे ज्या एक्सेल शीटमधून यायचे ती त्यांची. त्यांना एक डॉलरही भरायला लावला नाही. पण न्यूयॉर्कमधल्या कुठल्याही कंपनीचा आर्थिक कारभार सांभाळायला एन्गोरॉन यांनी त्यांना आयुष्यभर बंदी घातली. वायसलबर्ग यांनाही तीच. ट्रम्प यांच्यावरची संचालकपदाची बंदी तीन वर्षांची, दोन्ही मुलांवर दोन वर्षांची. २०२५ च्या निकालात पैसे गेले, या बंद्यांना मान्यता मिळाली. आता मला सांगा, मालकाला तीन वर्षं आणि कंट्रोलरला जन्मभर, यात शून्य कुठे आहे?

उंटावरचा शहाणा

पॉपकॉर्न घशात अडकलं.

तळ्यात मळ्यात

फाईलवाली, मॅककॉनींचं मला माहीत नव्हतं. +१.

एक भर घालतो. मझार्स ही अकाउंटिंग फर्म ती पत्रकं बांधून द्यायची, तिने फेब्रुवारी २०२२ मध्ये दहा वर्षांच्या पत्रकांवरून हात काढून घेतला, 'यावर विसंबू नका' म्हणून. कोर्टात बचाव असा होता की जबाबदारी अकाउंटंटची आणि पत्रकातच लिहिलंय की तुम्ही तपासून घ्या. तो चालला नाही. आकडे पुरवणाऱ्याने तपासणाऱ्याकडे बोट दाखवायचं, हे जुनंच आहे. ताई, तुमच्या सर्टिफिकेटवर सही कुणाची असते?

जमाखर्च

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ती बर्फाची पावती वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या त्या तीन इन्व्हॉइसच्या पावत्या माझ्याच खणात आहेत. पोच घेणाऱ्याची सही आणि तारीख, सगळं ठसठशीत.

तळ्यात मळ्यात, सही मालकांची असते. पण 'तयार केले' या रकान्यात माझी आद्याक्षरं जातात. अकरा वर्षांत त्या रकान्याकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं.

सोमवारी मी मालकांना दोन ओळींची ईमेल टाकली. तुम्ही सांगितलेला तारखांचा बदल लेखी कळवाल का, म्हणजे फाइलला लावते. बाकी काही लिहिलं नाही, ट्रम्प नाही, कलमं नाहीत. ईमेलला उत्तर आलं नाही. तासाभराने ते स्वतः आले, माझ्या टेबलावरचा स्टेपलर उगाच दोनदा दाबला आणि म्हणाले, "राहू दे."

सर्टिफिकेट जसं आहे तसं गेलं. १ लाख ८० हजार नव्वद दिवसांवरच्या रकान्यात, म्हणजे त्यावर १ लाख ४४ हजारांची उचल मिळणार नाही. या महिन्यात दोन पुरवठादारांना थांबवावं लागणार आहे आणि तो फोनही मलाच करायचाय. बँकेतल्या बाईंना मी आधीच कळवून ठेवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, मुदतीचं बघू. काका, याचा अर्थ चांगला की वाईट ते सांगा.

फाईलवाली, तुम्ही म्हणालात तसा वकिलाचा एक तास विकत घेऊन ठेवते. तुम्ही म्हणाला नव्हतात, पण म्हणायचं होतं हे कळलं.

मालक शुक्रवारी सकाळी सगळ्यांसाठी कॉफी आणतात. आज माझा कप नव्हता.

कर्जखाते

बँकेतल्या बाई 'मुदतीचं बघू' म्हणाल्या म्हणजे चांगलं. आम्ही हे वाक्य फक्त खरं सांगणाऱ्यालाच म्हणायचो. पुरवठादारांना फोन सोमवारीच करा, थांबू नका. त्यांनाही कुणाला तरी सर्टिफिकेट द्यायचं असतं.